सासूबाई डोंगर सोडेनात!

"त्या दुकानदाराच्या तोंडाला अशी पानं पुसतो साहेब, की त्याला चुना लागलेलासुद्धा कळणार नाही!"

हे उद्गार हाम दुकसूचे. सोमवारी सकाळी, पांग्यो शहरातल्या एका उंच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सहा माणसांच्या कंपनीत, मालक वू साहेबांसमोर काढलेले. दुकसू वयानं सेहेचाळीस, हुद्द्यानं टीमप्रमुख आणि स्वभावानं असा, की नवी कल्पना सुचली की त्याला दोन दिवस भूक लागत नाही. त्या सोमवारी तर त्यानं न्याहारीसुद्धा केली नव्हती!

आता दुकानदार कोण, तर फोनमधलं ॲप स्टोअर. कंपनीचा एकच खेळ होता, 'एकशिंग्याचा डोंगर'. डोंगरावर एका शिंगाची भुतं, हातात तलवार, मारत सुटायचं. दोन वर्षं तो त्या स्टोअरमध्ये होता आणि दोन वर्षं वू साहेबांचा जीव जळत होता.

"तलवार आपण घडवायची," ते नेहमी म्हणायचे, "भुताला शिंग आपण बसवायचं, आणि गिऱ्हाइकानं शंभर वॉन दिले की त्यातले तीस त्यांचे! का? तर म्हणे दार आमचं!"

"म्हणून तर म्हणतो, दारच नको!" दुकसू टेबलावर हात आपटून म्हणाला. "खेळ फोनमध्ये उतरवायचाच नाही. खेळ चालेल लांब, भाड्यानं घेतलेल्या यंत्रांवर. फोनच्या ब्राउझरमध्ये नुसतं त्याचं चित्र येणार. इथं बोट टेकवलं की तिथं तलवार फिरली! ॲप नाही म्हणजे स्टोअर नाही, आणि स्टोअर नाही म्हणजे तीस टक्के नाहीत!"

वू साहेबांनी आपला फोन उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे फोनमध्ये काहीच नसणार?"

"काही नाही!"

"मग खेळ कुठे असणार?"

"लांब."

"किती लांब?"

हे दुकसूलाही माहीत नव्हतं. "पुरेसा लांब, साहेब," तो म्हणाला. "आणि गंमत म्हणजे फोन कुठलाही चालेल! कपाटातला, काच फुटलेला, जुन्यात जुना. ब्राउझर उघडला की झालं!"

कोपऱ्यात दानबी बसली होती. दानबी म्हणजे कंपनीतली सगळ्यात हुशार मुलगी. अडचण एवढीच, की ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगते.

"एका यंत्रावर एकच खेळाडू बसतो," ती म्हणाली. "आपल्याकडे यंत्रं एकशेवीस."

"अगं, डोक्यावरून पाणी! माणूस येतो, वीस मिनिटं खेळतो, उठून जातो. खानावळीत बसल्यासारखं!"

"आणि 'आपोआप'चं बटण?"

"त्याचं काय?"

"काही नाही," दानबी म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

त्या बटणाचं सांगायला हवं. ते दाबलं की वीर आपला आपणच भुतं मारत बसतो. या देशात ते नसेल तर खेळाला कुणी विचारत नाही. लोक सकाळी उठून बटण दाबतात, फोन उशीशी ठेवतात आणि कामाला जातात. संध्याकाळी येऊन बघतात, वीर मोठा झालेला असतो. पोरं वाढवण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं आहे. फोन ज्याचा त्याचा, वीजबिल ज्याचं त्याचं, म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

शुक्रवारी चाचणी होती. सकाळी दहाला डोंगर सगळ्यांसाठी उघडायचा आणि दुपारी तीनला इम मॅडम यायच्या. इम मॅडम म्हणजे भांडवल घालणाऱ्या बाई. त्या मोठ्या टॅबसमोर बसणार, स्वतः डोंगरावर जाणार आणि मग हो किंवा नाही म्हणणार. हो म्हणाल्या तर कंपनीला आणखी एक वर्ष. नाही म्हणाल्या तर नव्या वर्षात तिसरा मजला रिकामा आणि सहा माणसं आपापली खोकी घेऊन रस्त्यावर!

"मॅडमना दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, दुकसू," वू साहेब म्हणाले. "लोक आले. आणि लोक टिकले."

हेच वाक्य दुकसूनं बुधवारी रात्री जेवताना सासूबाईंना ऐकवलं. सासूबाई म्हणजे प्यो मालसून, वय एकाहत्तर, चौदा इमारतींच्या वसाहतीतल्या महिला मंडळाच्या अकरा वर्षं अध्यक्ष. त्यांच्या फोनमध्ये नातवंडांचे एवढे फोटो, की नवं ॲप आत शिरायला जागाच नव्हती. दुकसूनं नुसता दुवा पाठवला आणि डोंगर झटकन उघडला.

"हे तर उघडलं की हो!" सासूबाईंना आनंद झाला.

"मंडळातल्या चारदोघींना पाठवा," दुकसू म्हणाला. "लोक आले पाहिजेत, टिकले पाहिजेत. नाहीतर जानेवारीपासून मी घरीच!"

असं म्हणून तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत, हे त्यानं तेव्हा पाहिलं नाही.

शुक्रवार उजाडला. दहाला डोंगर उघडला आणि दहा वाजून सात मिनिटांनी एकशेवीसच्या एकशेवीस जागा भरल्या! वू साहेबांनी टाळी वाजवली. दुकसूनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. पडद्यावर एकच आकडा होता, 'टिकलेले खेळाडू: १२०'. वू साहेबांनी सगळ्यांना कॉफी मागवली.

दानबी मात्र डोंगराकडे बघत होती. एकशेवीस वीर एका लयीत तलवार फिरवत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कुणी वळत नव्हतं, कुणी तलवार बदलत नव्हतं.

"कुणी खेळत नाहीये," ती म्हणाली. "सगळे आपोआपवर आहेत. मॅडमचा टॅब रांगेत लावू?"

"लाव हवं तर."

टॅबचा रांगेत सातवा नंबर लागला.

"सात म्हणजे दहा मिनिटं!" दुकसू म्हणाला.

अकरा वाजले तेव्हा नंबर सात होता. बारा वाजले तेव्हाही सातच! कॉफी निवली, वू साहेबांनी टाळ्या थांबवल्या. कुणी उठेना. उठणार कोण? उठायला तिथं कुणी बसलेलं तर हवं!

दुकसूनं यंत्रं भाड्यानं देणाऱ्या कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजानं सांगितलं, की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे आणि आपल्यापुढे बावन्न जण आहेत.

"सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू करूया?" त्यानं विचारलं.

"पुन्हा भरतील," दानबी म्हणाली. "आणि यांची नावं वाचलीत का?"

दुकसूनं वाचली. पहिला वीर 'अध्यक्ष'. दुसरा 'अध्यक्षांचे यजमान'. तिसरा 'अध्यक्षांचा जुना फोन'. चौथा 'अध्यक्षांचा त्याहून जुना फोन'. पुढं 'जेईनची आई', 'जेईनच्या आईचा टॅब', 'जेईन', 'जेईनचा बुडालेला फोन (वाळवला)'. अध्यक्ष म्हणजे कोण, हे दुकसूला विचारावं लागलं नाही.

"ऐंशी जण एकाच वायफायवरून आलेत," दानबी म्हणाली.

त्यानं सासूबाईंना फोन लावला. उचलला नाही. कसा उचलणार, तो डोंगरावर होता! मग बायकोला लावला. युनजू औषधांच्या दुकानात काम करते आणि दुपारी तिच्यापुढं नेहमी रांग असते.

"आई फोन का उचलत नाही?"

"आज किमजांग आहे!" युनजू म्हणाली. "मंडळाच्या दालनात तीनशे कोबी आहेत. मी काल सांगितलं, परवा सांगितलं! तुम्ही 'हूं' म्हणालात!"

झालं! किमजांगच्या दिवशी सव्वीस बायका कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, मिरचीच्या लगद्यात हात बुडवून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोबीच्या पानापानाला मसाला चोळत बसणार. अख्ख्या हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, एका दिवसात करायची. त्या दिवशी दारात पाहुणा आला तरी कुणी हात धूत नाही, मग फोनचं काय घेऊन बसलात? दुकसूनं कोट उचलला आणि टॅक्सी पकडली.

दालनात पाऊल ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. अर्धं मिरचीमुळं. जमिनीवर निळं प्लॅस्टिक, त्यावर कोबीचे ढीग, ढिगांभोवती बायका. आणि भिंतीला लागून, किमचीच्या रिकाम्या डब्यांवर, ऐंशी फोन! चकचकीत, फुटके, चिकटपट्टी लावलेले, एक तर दोन तुकड्यांत. प्रत्येकात एक वीर, प्रत्येक वीर तलवार फिरवतोय.

"जावईबापू आले!" सासूबाई ओरडल्या. "मी म्हटलं नव्हतं, येतील म्हणून? घाला गं त्यांना हातमोजे!"

दुकसू तोंड उघडेपर्यंत मंडळातल्या जेईनच्या आईनं त्याचा कोट उतरवला, एप्रन बांधला, हातमोजे चढवले आणि ते घसरू नयेत म्हणून कोपराशी रबर आवळलं. त्याच्यापुढं कोबीचा एक गड्डा आला.

"सासूबाई," तो हळूच म्हणाला, "ते फोन बंद करा."

सासूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग सगळ्या बायकांकडं पाहिलं. आणि हसू लागल्या.

"बघा! मी सांगत होते ना, फार भिडस्त! लग्नाच्या आधी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तीनदा 'नको, नको' म्हणाले. चौथ्यांदा वाढलं तर चार वाट्या भात!"

"नाही हो, खरंच बंद करा!"

"मुळीच नाही! आमचं काय बिघडतंय? आम्ही आपल्या बसलोत."

"पण तुम्ही उठलात तरच दुसऱ्यांना जागा मिळेल!"

"ऐकलंत? स्वतःची नोकरी टांगणीला लागलीय आणि यांना दुसऱ्यांची काळजी!" जेईनची आई गहिवरली. "माझ्या जावयाला शिकवा हो हे."

"मी मनापासून सांगतोय!"

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "मनापासून सांगता म्हणूनच आमचा जीव तुटतो." आणि दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "पहारेकरीदादा! कचेरीतले फोन आणा हो, कमी पडतायत वाटतं!"

इथं तीनदा नाही म्हटल्याशिवाय कुणी काही घेत नाही आणि कुणी काही देत नाही, हे दुकसूला लहानपणापासून माहीत होतं. पण 'नाही'चा अर्थ 'नाही' असा लावून घ्यायचा असेल तर किती वेळा म्हणायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं! पाचदा म्हणून पाहिलं, सहाव्यांदा हात जोडले. हात जोडल्यावर तर दोघींनी पदर, म्हणजे एप्रनचा कोपरा, डोळ्यांना लावला आणि मिरची गेली म्हणून किंचाळल्या. त्यांचे डोळे धुण्यात दहा मिनिटं गेली.

शेवटी त्यानं सरळ डब्यांकडं धाव घेतली.

"हां हां!" सासूबाईंनी वाट अडवली. "लाल हातानं फोनला हात लावायचा नाही! सगळ्यांना तोच नियम आहे."

हातमोजा काढायला गेला तर रबर निघेना. दोन वाजले होते. तो खाली बसला आणि सुटका व्हावी म्हणून कोबी चोळू लागला. चार गड्डे झाले, पाच झाले.

"असं नाही, जावईबापू! बाहेरचं पान शेवटी. आतून बाहेर!" शेजारची म्हणाली. "कंपनीत असंच काम करता?"

इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. जेईनच्या आईनं आपला एक हातमोजा दातांनी ओढून काढला, तो फोन खिशातून घेतला आणि दुकसूच्या कानाला लावला. नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, त्यावर ताजी किमची, वर लसणाची पाकळी असं सगळं पानात गुंडाळून त्याच्या तोंडात कोंबलं. किमजांगचा पहिला घास. तो नाकारला तर वर्षभर बोलणी!

"दुकसू," पलीकडून वू साहेब म्हणाले, "हा टॅब 'आपला क्रमांक सात' असं दाखवतोय. पाहुण्यांपुढं हे बरं दिसतं का? मी हे पान बंद करून नवं, स्वच्छ उघडतो. चालेल ना?"

दुकसूचे डोळे बाहेर आले. त्यानं जिवाच्या आकांतानं मान हलवली. पण मान फोनवर दिसत नाही.

"बोलत नाहीस म्हणजे संमती समजतो," वू साहेब म्हणाले. "तू शहाणा आहेस."

आणि फोन बंद झाला.

घास गिळायला पूर्ण एक मिनिट गेलं. ते संपतंय तोवर दानबीचा फोन आला. जेईनच्या आईनं तोही त्याच्या कानाला लावला.

"सर, साहेबांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. आपण रांगेच्या शेवटी गेलो. नंबर त्रेसष्ट."

"त्रेसष्ट! एवढी माणसं आली कुठून?"

"सगळे 'अध्यक्षांच्या ओळखीचे' आहेत. आपापल्या घरून, कचेरीतून."

पहारेकरी, चर्चचं गायनमंडळ, जेईनच्या बाबांची अख्खी कचेरी! बाबापुता करून सातजणींना उठवणं जमलं नव्हतं, आता त्रेसष्ट! मॅडम यायला पाऊण तास उरला होता.

"दानबी, एखाद्याचं कनेक्शन तुटलं तर?"

"अर्ध्या मिनिटात जागा सुटते. पुढच्याला मिळते." आणि तिनं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. "ऐंशी जण एकाच वायफायवर आहेत, सर."

दुकसूनं मान वळवली. चपलांच्या खणावर वायफायची पांढरी डबी लुकलुकत होती.

त्याचं मन त्याला खाऊ लागलं. सव्वीस बायका, त्यातल्या कितीतरी त्याच्या आईच्या वयाच्या, आणि हा त्यांच्या पाठीत खंजीर खुपसायला निघालेला! पण तिसऱ्या मजल्यावरची सहा माणसं आठवली, दानबीच्या घराचं भाडं आठवलं आणि तो उठला.

"संडास कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"चपलांच्या शेजारी," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

तो गेला. इकडं तिकडं पाहिलं. डबीची वायर प्लगापाशी धरली आणि ओढली.

ऐंशी तलवारी एकदम थांबल्या! ऐंशी पडद्यांवर एक गोल चक्र फिरू लागलं. मग दालनात जो हलकल्लोळ झाला तो चौदाव्या इमारतीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

"थांबला! माझा थांबला!"

"माझाही! यजमानांचाही!"

"अगं बाई, जावयाची नोकरी गेली!"

दुकसूचा फोन वाजला. या वेळी त्यानं तो नाकानं उचलला. जेईनच्या आईनं एप्रनच्या छातीवरच्या खिशात ठेवलेला तो अर्धा बाहेर आला होता, म्हणून जमलं.

"सर, टॅब आत गेला," दानबी म्हणाली.

"गेला! वाचलो! दानबी, आपण वाचलो!"

"पण मॅडम लवकर आल्यात. आत्ता भिंतीसमोर उभ्या आहेत."

"मग?"

"भिंतीवर 'टिकलेले खेळाडू' आहे ना, नवे आलेले त्यात लगेच धरत नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत एकशेवीसचे चाळीस झाले."

दुकसू संडासाच्या दाराला टेकला. मॅडमना डोंगरावर जागा मिळावी म्हणून त्यानं डोंगरावरचे लोकच हाकलले होते, आणि मॅडम तर तेच मोजायला आल्या होत्या! नारळ वाढवायला जावं आणि डोकंच फोडून घ्यावं, तसं झालं.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'का पळाले?' साहेब खुर्ची शोधतायत."

दालनात मात्र सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. अकरा वर्षांची अध्यक्षा ती! त्यांनी एक नजर फोनवर टाकली, एक छताकडं, एक चपलांच्या खणाकडं.

"वायर!" त्या गरजल्या. "कुणीतरी वायर ओढलीय!"

सगळ्या तिकडं धावल्या. पांढऱ्या प्लगवर पाच बोटांचा लालभडक ठसा उमटला होता. सगळ्यांनी आपापल्या हातांकडं पाहिलं. झाडून सगळे हात लालभडक! कोण कुणाला बोलणार?

"चौकशी नंतर!" सासूबाईंनी प्लग खोचला. "हातमोजे काढा! हात पुसा! ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात! माझ्या जावयाचं पोट आहे त्यात!"

आणि मग दुकसूनं जे पाहिलं, ते तो जन्मात विसरणार नाही. सकाळपासून ज्या बायकांनी कुणासाठी हात धुतला नव्हता, त्या बायकांनी दातांनी हातमोजे ओढले. मिठानं चरचरणारे हात एप्रनला पुसले. कुणी बोटानं, कुणी कोपरानं, कुणी नाकाच्या शेंड्यानं दुवा दाबत होती. ऐंशीतले तीस फोन कुणाचेच नव्हते, तेही त्यांनी वाटून घेतले. एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई मसाल्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि मांडीवर सहा फोन होते. "ऊठ रे, ऊठ, बाळा," असं त्या प्रत्येक वीराला म्हणत होत्या.

या बायकांना भुतांशी काही देणंघेणं नव्हतं. बुधवारी जेवताना दुकसू जे हसत बोलला होता, ते सासूबाईंनी न हसता ऐकलं होतं आणि चौदा इमारतींना सांगितलं होतं, एवढंच. त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली.

"सासूबाई," तो पुढं होऊन म्हणाला, "ती वायर मी ओढली."

सासूबाईंनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"बघा," त्या इतर बायकांना म्हणाल्या. "कुणाचा पाय अडकला असेल, तिला बोलणी बसू नयेत म्हणून स्वतःच्या अंगावर घेतायत. असा जावई शोधून मिळायचा नाही!"

"अहो, खरंच मी..."

"पुरे! तीनदा म्हणू नका, मला माहीत आहे तुमची सवय."

आता यावर माणसानं काय करावं? दुकसूनं दुसरा घास तोंडात घेतला. चवीला बरा होता, आणि निदान बोलावं लागत नव्हतं. तिकडं वू साहेबांना खुर्ची मिळाली असेल का, मॅडम निघाल्या असतील का, आपलं खोकं कोण भरत असेल, असल्या विचारांत त्यानं पंधरा गड्डे चोळले. आतून बाहेर, बाहेरचं पान शेवटी.

साडेतीनला फोन वाजला. वू साहेब! आवाज असा, जणू पाण्याखालून येतोय.

"दुकसू, मला काही कळत नाहीये. तू समजावून सांग."

"माफ करा साहेब. चूक माझी आहे."

"चूक? मॅडम म्हणतात, लोक पळून जातात हे त्या रोज बघतात. पण ऐंशीच्या ऐंशी बाहेर फेकले गेले आणि चार मिनिटांत ऐंशीच्या ऐंशी परत येऊन रांगेत उभे राहिले, हे त्यांनी आजवर कुठंच पाहिलं नाही! स्वतः टॅबवर 'आपोआप'चं बटण दाबलं, टॅब टेबलावर ठेवला आणि नुसत्या त्या रांगेकडं बघत बसल्या. हो म्हणाल्या, दुकसू! वर्षभरासाठी हो!"

दुकसूच्या हातातला गड्डा मसाल्यात पडला. सगळ्या बायका त्याच्याकडं बघू लागल्या.

"राहिली," तो कसाबसा म्हणाला. "नोकरी राहिली."

दालनात जो जल्लोष झाला त्यात दोन फोन किमचीच्या डब्यात पडले. सासूबाईंनी त्याच्या गालाला हात लावला. हात पुसलेला नव्हता, त्यामुळं पुढचं संभाषण दुकसूनं एक डोळा मिटून केलं.

"फक्त एकच," वू साहेब म्हणाले. "मॅडमना अहवालात लिहायचंय. म्हणतात, आत्ताच्या आत्ता त्या खेळाडूंना विचारा, या खेळात त्यांना सगळ्यात जास्त काय आवडतं? तुझ्या ओळखीच्या आहेत म्हणे. विचार ना. मी फोन धरतो."

दुकसूनं फोन छातीशी धरला.

"सासूबाई, साहेब विचारतायत, तुम्हाला या खेळात काय आवडलं?"

सासूबाईंनी जेईनच्या आईकडं पाहिलं. जेईनच्या आईनं शेजारणीकडं पाहिलं. शेजारणीनं मांडीवरच्या फोनकडं पाहिलं, तो उलटा होता, तो सुलटा केला.

"आवडलं?" सासूबाई म्हणाल्या. "अहो जावईबापू, आम्ही नुसतं बटण दाबलं आणि कामाला लागलो. बघायला वेळ कुणाला होता? आधी तुम्हीच सांगा, यात करायचं काय असतं?"

दुकसूनं घसा साफ केला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"साहेब," तो म्हणाला, "त्या म्हणतात, अजून पुष्कळ काही बघायचं बाकी आहे."